चारशे किलोमीटरवरचा तळ

अवकाशस्थानकाला तळ मानून तिथून उपग्रह आणखी वरच्या कक्षेत धाडायचे, ही कल्पना अवकाशस्थानकाच्या कल्पनेइतकीच जुनी आहे. हर्मान ओबर्थ यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ठाण्याचा विचार मांडला, तेव्हाच लांबच्या प्रवासाला निघालेल्या यानांना तिथे इंधन भरता येईल, असे सुचवले होते. वेर्नर फॉन ब्राउन यांनी १९५२ मध्ये ‘कॉलियर्स’ या अमेरिकी साप्ताहिकातून सुमारे १,७३० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या, चाकाच्या आकाराच्या स्थानकाचे चित्र वाचकांपुढे ठेवले. चंद्राकडे जाणारी याने त्याच स्थानकाच्या कक्षेत जोडली जाणार होती. जमिनीवरून सुटे भाग वर न्यायचे, माणसांनी ते जोडायचे, तपासायचे, टाक्या भरायच्या आणि मग पुढची मजल मारायची. लांबच्या वाटेवर मधे मुक्काम करावा, इतकी ही मांडणी सहज पटणारी आहे.

१९७१ च्या ‘सॅल्यूत-१’पासून आजवर डझनभर स्थानके माणसांना घेऊन पृथ्वीभोवती फिरली. त्यांपैकी एकाही स्थानकावरून मोठा दळणवळण उपग्रह भूस्थिर कक्षेकडे रवाना झालेला नाही. स्थानकांवरून सुटले ते बहुतांशी हातात मावतील एवढे उपग्रह, आणि त्यांतले बहुतेक वर न जाता स्थानकाच्या किंचित खालून फिरू लागले. या अपुऱ्या राहिलेल्या कल्पनेचे कारण उंचीत शोधून सापडत नाही. ते वेगात आहे, कक्षेच्या कलात आहे आणि स्थानकात राहणाऱ्या माणसांत आहे.

वेगाचा हिशेब

उपग्रह वर टिकतो तो उंचीमुळे नाही, आडव्या वेगामुळे. ४०० किलोमीटर उंचीवर गोल कक्षेत फिरण्यासाठी सेकंदाला सुमारे ७.६७ किलोमीटर वेग लागतो. त्या वेगाने पृथ्वीची एक फेरी साधारण साडेब्याण्णव मिनिटांत पुरी होते. भूस्थिर कक्षा विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर आहे. तिथला वेग सेकंदाला फक्त ३.०७ किलोमीटर असतो. वरच्या कक्षेत वेग कमी, म्हणून तिथे जाणे स्वस्त, असा मात्र समज होऊ नये. खालून वर जाण्यासाठी इंजिन दोनदा पेटवावे लागते. पहिल्यांदा वेग वाढवला की कक्षा लांबट होते आणि तिचे एक टोक वरच्या उंचीला टेकते. त्या टोकाला पोचेपर्यंत पृथ्वीच्या ओढीमुळे वेग घटलेला असतो, तेव्हा तिथे पुन्हा एकदा जोर लावून कक्षा गोल करावी लागते.

४०० किलोमीटरवरून भूस्थिर उंचीसाठी पहिला जोर सेकंदाला सुमारे २.४ किलोमीटरचा आणि दुसरा सुमारे १.४६ किलोमीटरचा, म्हणजे एकूण ३.८५ किलोमीटरचा वेगबदल करावा लागतो. हा हिशेब स्थानक नेमके विषुववृत्तावरून फिरत असेल तरच लागू पडतो. तसे एकही स्थानक आजवर फिरलेले नाही. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. या कोनाला कक्षेचा कल म्हणतात. भूस्थिर उपग्रहाचा कल शून्य असावा लागतो, कारण तो एकाच देशावर अढळ दिसायचा असतो. म्हणून वर पोचल्यावर वेग वाढवायचाच, शिवाय त्याची दिशाही वळवायची. दोन्ही कामे एकाच जोरात उरकली तरी ५१.६ अंशांच्या कलावरून निघणाऱ्याला एकूण ४.८ किलोमीटर, आणि केप कॅनव्हेरलच्या अक्षांशाएवढ्या, म्हणजे २८.५ अंशांच्या कलावरून निघणाऱ्याला ४.२ किलोमीटर वेगबदल लागतो.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर फरक किरकोळ वाटतो. इंधनात मात्र तो फार मोठा होतो, कारण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागते. साध्या तापमानाला साठवता येणारे द्रव इंधन वापरणारे चांगले इंजिन धरले आणि इंजिन-टाक्यांचे वजन बाजूला ठेवले, तर एक टनाचा उपग्रह भूस्थिर कक्षेत पोचवण्यासाठी विषुववृत्तीय स्थानकावरून निघताना एकूण वजन सुमारे ३.४ टन असावे लागते. २८.५ अंशांवरून ते ३.८ टन होते, तर ५१.६ अंशांवरून ४.६ टनांच्या पुढे जाते. स्थानकावरून एक टन वर पाठवायचा, तर आधी साडेचार टन जमिनीवरून स्थानकावर पोचवले पाहिजेत.

कल बदलण्याची खरी किंमत दिसते ती खालच्या कक्षेतच तो बदलायला गेल्यावर. पृथ्वीचे निरीक्षण करणारे उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या, ९७-९८ अंशांच्या कलाच्या सूर्यसमकालिक कक्षेत फिरतात. या कक्षेत प्रत्येक ठिकाणावरून जाताना स्थानिक वेळ जवळपास तीच राहते, म्हणून छायाचित्रांतल्या सावल्यांची तुलना करता येते. आंतरराष्ट्रीय स्थानकावरून अशा कक्षेत वळायचे तर सेकंदाला सुमारे सहा किलोमीटरचा वेगबदल करावा लागेल. जमिनीवरून थेट कक्षेत जायला नऊ-साडेनऊ किलोमीटर लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे स्थानकावर थांबून वळणे किती महागात पडते ते कळते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी घडवलेला, एक किलोच्या आतला ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये, आणि मुंबईच्या आयआयटीतला, साधारण दहा किलोंचा ‘प्रथम’ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने ध्रुवीय कक्षेत गेला. दोन्ही उपग्रह स्थानकावर नेऊन तिथून त्याच कक्षेत पाठवता आले नसते. ती वाट स्थानकापासून फुटतच नाही.

स्थानकाची कक्षा एका जागी स्थिर राहत नाही, ही आणखी एक अडचण. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर असल्यामुळे स्थानकाच्या कक्षेचे प्रतल दररोज सुमारे पाच अंशांनी पश्चिमेकडे सरकते. चंद्राकडे जायचे तर निघताना त्या प्रतलाची आणि चंद्राच्या जागेची सांगड बसावी लागते, आणि ५१.६ अंशांच्या कक्षेतून ती साधारण दहा दिवसांतून एकदा बसते. एखाद्या ग्रहाकडे जायचे असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. ग्रहाची अनुकूल वेळ वर्षा-दोन वर्षांतून एकदा येते आणि त्या काही आठवड्यांत कक्षेचे प्रतलही जुळून यावे लागते. जमिनीवरचे प्रक्षेपणस्थळ पृथ्वीबरोबर रोज एक फेरी मारते, म्हणून तिथून जवळपास कोणत्याही प्रतलात रोज निघण्याची संधी मिळते. स्थानकाला ही मोकळीक नाही.

मग मधे थांबायचे तरी कशासाठी? थांबा घेतल्याने ऊर्जा वाचत नाही. आजची बहुतेक रॉकेटे मोठा उपग्रह पाठवताना आधी खालच्या, तात्पुरत्या कक्षेत पोचतात, काही मिनिटे इंजिन बंद ठेवून फिरतात आणि योग्य जागी आल्यावर वरचा टप्पा पुन्हा पेटवतात. स्थानकाने जे करावे अशी अपेक्षा होती ते काम हा बिनमाणसांचा टप्पा अर्ध्या-पाऊण तासात उरकतो; त्याला कुणाला भेटायचे नसते, कुठे जोडून घ्यायचे नसते. स्थानकाचा उपयोग खऱ्या अर्थाने होऊ शकतो तो एका उड्डाणात मावणार नाही एवढे काही वर जोडायचे असेल, टाक्या पुन्हा भरायच्या असतील, किंवा बिघडलेले दुरुस्त करायचे असेल तेव्हा.

शटलचे धडे

नासाला हे ठाऊक होते. ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रात १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘स्पेस ऑपरेशन्स सेंटर’ नावाच्या स्थानकाचा आराखडा तयार होऊ लागला, आणि त्यात प्रयोगशाळेपेक्षा गोदीला अधिक महत्त्व होते. मोठे उपग्रह तिथे जोडले जाणार होते, वरच्या कक्षांत ने-आण करणाऱ्या ओढयानांना तिथे इंधन मिळणार होते. २५ जानेवारी १९८४ रोजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी दशकभरात कायमचे स्थानक उभारण्याची घोषणा केली. त्या सुमारास नासाने स्थानकाची जी आठ कामे मांडली, त्यांत प्रयोगशाळा आणि वेधशाळा यांच्या बरोबरीने वाहतुकीचे जंक्शन, दुरुस्तीचे ठाणे, जोडणीचा कारखाना, कोठार आणि पुढच्या मोहिमांचा तळ ही कामे होती. पुढे ‘फ्रीडम’ असे नाव मिळालेल्या या स्थानकाच्या १९८६ च्या आराखड्यात उपग्रह आत घेऊन दुरुस्त करण्याची जागा होती, आणि उपग्रहांना इकडून तिकडे ओढून नेणाऱ्या एका छोट्या यानाचे कंत्राटही दिले गेले होते.

तोवर तळाचे काम अवकाशयान शटल करून दाखवत होते. ते स्थानक नव्हते, पण माणसे असलेल्या खालच्या कक्षेतल्या ठाण्यावरून उपग्रह वर पाठवण्याचा सर्वांत मोठा अनुभव त्याच्याकडूनच मिळाला. भारताचा ‘इन्सॅट-१बी’ अशाच रीतीने गेला. ३० ऑगस्ट १९८३ च्या पहाटेपूर्वीच्या अंधारात ‘चॅलेंजर’ने उड्डाण केले, शटलचे ते पहिले रात्रीचे उड्डाण होते, आणि ती वेळ याच उपग्रहाच्या गरजेसाठी निवडावी लागली होती. दुसऱ्या दिवशी मालकक्षातल्या फिरत्या पाटावर उपग्रहाला गरगर फिरवून स्प्रिंगने बाहेर ढकलले गेले. फिरवायचे कारण असे की फिरणारी वस्तू आपली दिशा सोडत नाही. शटल दूर सरकले आणि सुमारे पाऊण तासाने उपग्रहाखाली जोडलेली घन इंधनाची मोटर पेटली. तिने त्याला लांबट कक्षेत फेकले, आणि पुढचा टप्पा उपग्रहाने स्वतःच्या इंजिनाने पार केला. त्याआधीचा ‘इन्सॅट-१ए’ काही महिन्यांतच निकामी झाला होता. देशभरच्या दूरदर्शन प्रक्षेपणाचा, दूरध्वनीचा आणि हवामान निरीक्षणाचा भार पुढची अनेक वर्षे ‘१बी’ने वाहिला. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतले दूरचित्रवाणी संच दिल्लीशी जोडले गेले, त्यामागे या उपग्रहाचा मोठा वाटा होता.

ही पद्धत नेहमीच साधली असे नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याच ‘चॅलेंजर’मधून सोडलेले इंडोनेशियाचा ‘पालापा बी-२’ आणि अमेरिकेचा ‘वेस्टार-६’ हे दोन्ही उपग्रह मोटर अर्धवट जळाल्यामुळे निरुपयोगी कक्षांत अडकले. तेव्हा माणसे जवळ असण्याचा फायदा दिसला. जमिनीवरून आज्ञा देऊन दोन्ही उपग्रहांना शटलच्या आवाक्यात खाली आणले गेले, आणि नोव्हेंबरात ‘डिस्कव्हरी’च्या अवकाशवीरांनी ते पकडून परत आणले. दुरुस्तीनंतर १९९० मध्ये दोन्ही पुन्हा पाठवले गेले. ‘वेस्टार-६’ त्या वेळी ‘एशियासॅट-१’ या नव्या नावाने चिनी रॉकेटवरून गेला.

तळावरून उपग्रह वर पाठवण्याच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी घटना मात्र मे १९९२ मधली. ‘इंटेलसॅट-६०३’ हा सुमारे चार टनांचा दळणवळण उपग्रह मार्च १९९० मध्ये टायटन रॉकेटपासून नीट सुटला नाही आणि आपली मोटर गमावून खालच्या कक्षेत अडकला. दोन वर्षांनी ‘एंडेव्हर’ हे शटल आपल्या पहिल्याच मोहिमेत नवी मोटर घेऊन त्याच्यापाशी पोचले. उपग्रह पकडण्यासाठी बनवलेली दांडी त्याच्यावर बसेना. दोन दिवस प्रयत्न फसले, कारण जरा स्पर्श झाला की उपग्रह डोलू लागे. अखेर पिएर थूओ, रिक हीब आणि थॉमस एकर्स हे तिघे एकाच वेळी बाहेर पडले. तिघांनी एकत्र अवकाशात बाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ होती. तिघांनी तीन बाजूंनी उपग्रहाला हातांनी धरले, त्याचे डोलणे थांबवले, तो नव्या मोटरवर बसवला. साडेआठ तासांच्या आसपास चाललेल्या या कामानंतर उपग्रह सोडला गेला आणि नव्या मोटरने तो भूस्थिर कक्षेकडे गेला. अवकाशातल्या तळावर माणसे असावीत, असे मानणाऱ्यांना यापेक्षा भक्कम पुरावा मिळणे कठीण. त्याबरोबर खर्चाचा प्रश्नही उभा राहिला. एका उपग्रहासाठी सात माणसांचे अख्खे उड्डाण खर्ची पडले होते.

तोवर धोरण बदलूनही गेले होते. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ सातही जणांसह नष्ट झाले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शटलने यापुढे व्यापारी उपग्रह नेऊ नयेत असा निर्णय झाला. साध्या रॉकेटने होणाऱ्या कामासाठी माणसांचे जीव पणाला लावायचे नाहीत, हा त्यामागचा विचार होता, आणि तो योग्यच होता. त्याच उन्हाळ्यात शटलच्या मालकक्षात ‘सेंटॉर’ हा द्रव हायड्रोजनचा टप्पा नेण्याची योजनाही रद्द झाली. माणसांपासून काही मीटरवर टनावारी द्रव हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाळगणे कुणाला परवडणारे नव्हते. या निर्णयाची झळ गुरूकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’ला बसली, दुबळ्या घन इंधनाच्या टप्प्यावर १९८९ मध्ये निघालेल्या त्या यानाला शुक्राची एकदा आणि पृथ्वीची दोनदा मदत घेत, वळसे घालत गुरूपाशी पोचावे लागले.

स्थानकाच्या बाबतीतही हाच धोका आडवा येतो. वरच्या कक्षेकडे निघणारा प्रत्येक मोठा टप्पा म्हणजे स्थानकाच्या दाराशी ठेवलेला इंधनाचा साठा. जोडणी, भरणे, तपासणी, प्रत्येक पायरीवर गळती, ठिणगी किंवा धडक यांची भीती. शिवाय इंजिनांच्या झोतातले कण सौरपत्र्यांवर आणि दुर्बिणींवर बसतात, आणि प्रत्येक ये-जा प्रयोगशाळेतल्या स्थिर वातावरणाला धक्का देते. एकाच छताखाली नाजूक प्रयोगशाळा आणि गजबजलेली गोदी चालवणे अवघड आहे. फ्रीडमच्या आराखड्यातून गोदी हळूहळू गळत गेली. ओढयानाचे कंत्राट १९९० मध्ये रद्द झाले.

१९९३ मध्ये या प्रकल्पात रशिया सहभागी झाला आणि त्याचे आंतरराष्ट्रीय स्थानक झाले, तेव्हा कलाचा प्रश्नही कायमचा निकाली निघाला. बैकानूर सुमारे ४६ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि तिथून उडणाऱ्या रॉकेटांचे गळून पडणारे टप्पे चीनच्या भूमीवर पडू नयेत म्हणून ती थोड्या अधिक कलाच्या कक्षेत पाठवली जातात. त्यामुळे २८.५ ऐवजी ५१.६ अंशांचा कल ठरला, आणि शटलची माल नेण्याची क्षमता काही टनांनी घटली. बदल्यात लाभलेली गोष्ट मोठी होती. अवकाशात माणसे पाठवू शकणाऱ्या त्या वेळच्या दोन्ही देशांना स्थानक पोचण्याजोगे झाले, आणि त्याखालून पृथ्वीवरची बहुतेक वस्ती जाऊ लागली. भूस्थिर कक्षेचा तळ होण्याची शक्यता मात्र त्या निर्णयाबरोबर जवळपास संपली.

छोट्यांची वाट

स्थानकावरून उपग्रह सोडण्याची प्रथा मात्र छोट्या वाटेने आली. १७ मे १९८२ रोजी ‘सॅल्यूत-७’वरील अनातोली बेरेझोवॉय आणि वालेंतिन लेबेदेव यांनी ‘इस्क्रा-२’ हा सुमारे २८ किलोंचा हौशी रेडिओ उपग्रह कचरा बाहेर टाकण्याच्या एअरलॉकमधून ढकलला. मॉस्कोच्या विमानविद्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी तो घडवला होता. जुलैत तो वातावरणात शिरून जळाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये ‘मिर’ स्थानकावरून अवकाशवीरांनी ‘स्पुतनिक-४०’ हाताने सोडला. मूळ स्पुतनिकची ही एक तृतीयांश आकाराची प्रतिकृती रशिया आणि फ्रान्समधल्या शाळकरी मुलांनी बनवली होती. फेब्रुवारी २००६ मध्ये तर एक जुना झालेला अवकाशपोशाख, आत रेडिओ बसवून, आंतरराष्ट्रीय स्थानकाबाहेर ढकलला गेला.

या वाटेला शिस्त आली ती जपानच्या ‘किबो’ प्रयोगशाळेमुळे. किबोला स्वतःचा एअरलॉक आणि स्वतःचा यांत्रिक हात आहे, आणि स्थानकावर ही दोन्ही साधने एकत्र असणारी दुसरी प्रयोगशाळा नव्हती. ४ ऑक्टोबर २०१२ रोजी, पहिल्या स्पुतनिकच्या उड्डाणाला ५५ वर्षे होत असतानाच, तिथून पाच छोटे उपग्रह एकामागोमाग सोडले गेले. त्यांत जपानच्या फुकुओकामधल्या विद्यार्थ्यांचा, दिव्यांच्या उघडझापीने मोर्स संदेश देणारा ‘फिटसॅट-१’ होता आणि व्हिएतनामचा ‘एफ-१’ही होता. त्यानंतर अमेरिकी खासगी कंपन्यांनी आपले सोडयंत्र पाठवले, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये प्लॅनेट लॅब्ज या कंपनीचे २८ उपग्रह टप्प्याटप्प्याने किबोतून बाहेर पडले. पुढे शंभर किलोंच्या आसपासच्या उपग्रहांसाठीही यंत्रणा आली. जून २०१८ मध्ये अवकाशातला कचरा जाळे टाकून पकडण्याचा प्रयोग करणारा ब्रिटिश नेतृत्वाखालचा ‘रिमूव्हडेब्रिस’ तिथूनच सुटला. डिसेंबर २०२० मध्ये ‘बिशप’ नावाचा, किबोपेक्षा सुमारे पाचपट मोठा खासगी एअरलॉक स्थानकाला जोडला गेला. आजवर स्थानकावरून सुटलेल्या उपग्रहांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते.

या पद्धतीची खुबी तिच्या साधेपणात आहे. दहा सेंटिमीटर बाजूचे घनाकृती उपग्रह एका पेटीत एकामागे एक बसवतात, पेटी फोममध्ये गुंडाळून मालवाहू यानाच्या पिशवीत ठेवतात. रॉकेटच्या शेंड्यावर उघडा बसवलेला उपग्रह जो हादरा सोसतो त्याच्या मानाने हा प्रवास फार सौम्य असतो. स्थानकावर पोचल्यावर अवकाशवीर पेटी एअरलॉकच्या सरकत्या पाटावर बसवतात, आतले दार बंद होते, हवा काढली जाते, बाहेरचे दार उघडते, पाट बाहेर सरकतो, आणि यांत्रिक हात पेटी उचलून मागच्या बाजूला व खाली, सुमारे ४५ अंशांच्या कोनात रोखतो. आज्ञा मिळताच स्प्रिंग उपग्रहाला सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने ढकलते. उपग्रहांनी पहिला अर्धा तास गप्प राहायचे असते. त्याआधी अँटेना उघडायची नाही, रेडिओ सुरू करायचा नाही.

मागे आणि खाली ढकलण्यामागे पक्के गणित आहे. मागे ढकलल्याने उपग्रहाचा वेग किंचित घटतो, पृथ्वीच्या विरुद्ध बाजूला त्याची कक्षा दोन-तीन किलोमीटर खाली उतरते आणि तो हळूहळू स्थानकाच्या पुढे निघून जातो. पुढे ढकलला असता तर तो वर चढून मागे पडला असता, आणि हवेच्या विरळ थरांतून घासत उतरताना एखाद्या दिवशी स्थानकाच्या उंचीवरून गेला असता. म्हणून उपग्रह स्थानकापेक्षा लवकर खाली उतरेल, एवढा तो त्याच्या आकाराच्या मानाने हलका असावा अशी अटही घातली जाते. स्थानकाच्या सुरक्षेचा नियमच उपग्रहाला वर जाऊ देत नाही. २०१४ मध्ये सोडयंत्रांतून काही उपग्रह आज्ञा नसताना आपोआप सुटले, तेव्हा ते खाली जाणाऱ्या दिशेला रोखलेले होते म्हणून कुणाला धोका झाला नाही.

अशा उपग्रहाचे आयुष्य काही महिन्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत असते; सूर्य खवळलेला असेल तर वरची हवा फुगते आणि ते आणखी घटते. व्यापारी उपयोगासाठी हे आयुष्य अपुरे आहे. शिकण्यासाठी मात्र ते भरपूर आहे, आणि या मार्गाचे मोल तिथेच सर्वाधिक आहे. २०१७ मध्ये बांगलादेश, घाना आणि मंगोलिया, २०१८ मध्ये केनिया, कोस्टा रिका आणि भूतान, २०१९ मध्ये नेपाळ, श्रीलंका आणि रवांडा, २०२१ मध्ये मॉरिशस, या देशांचे छोटे उपग्रह किबोतून सुटले, आणि त्यांतल्या बहुतेकांसाठी तो देशाचा पहिलाच उपग्रह होता. नेपाळचा ‘नेपालीसॅट-१’ आणि श्रीलंकेचा ‘रावणा-१’ एकाच दिवशी, १७ जून २०१९ रोजी बाहेर पडले. या दोन देशांतल्या तरुण अभियंत्यांनी जपानमधल्या विद्यापीठात राहून ते स्वतःच्या हातांनी जुळवले होते. ज्या देशाजवळ रॉकेट नाही, प्रक्षेपणाचे भाडे देण्याची ऐपत नाही, त्याच्यासाठी किबोचे दार अवकाशाचा उंबरठा ठरले. डिसेंबर २०२४ मध्ये याच दारातून क्योतो विद्यापीठाचा लाकडी ‘लिग्नोसॅट’ही सुटला.

शंभर किलोमीटर वर

स्थानकावरून उपग्रह खरोखर वर नेण्याची युक्ती शेवटी मालवाहू यानांनी दाखवली. ‘सिग्नस’ हे यान स्थानकावर माल उतरवून, कचरा भरून निघते आणि अखेर वातावरणात जळते. पण निघताना त्याच्या टाक्यांत इंधन उरलेले असते. ते वापरून यान आधी वर चढले तर? नोव्हेंबर २०१६ मध्ये एका सिग्नसने तसेच केले. स्थानकापासून दूर जाऊन ते सुमारे ५०० किलोमीटरवर पोचले आणि बाहेर बसवलेल्या पेटीतून चार छोटे उपग्रह सोडून मग परतीच्या वाटेला लागले. पुढे स्थानकावरचे अवकाशवीर स्वतःच्या हाताने निघत्या यानाच्या दारावर उपग्रहांची पेटी बसवू लागले.

४०० वरून ५०० किलोमीटरवर जायला सेकंदाला जेमतेम ५६ मीटरचा वेगबदल लागतो. भूस्थिर कक्षेच्या ४,८०० मीटरपुढे तो नगण्य आहे, पण हवा इतकी झपाट्याने विरळ होत जाते की तेवढ्याने उपग्रहाचे आयुष्य महिन्यांऐवजी वर्षांत मोजता येते. उपग्रह स्थानकाच्या वरून सोडला जात असला, तरी तोपर्यंत यान पुरेसे दूर आणि वेगळ्या उंचीवर गेलेले असते, म्हणून सुरक्षेचा नियमही मोडत नाही. स्थानकाचा कल आहे तोच राहतो. मध्य अक्षांशांपर्यंतची जहाजे आणि हवामान पाहणाऱ्या उपग्रहांना तो अडचणीचा नसतो.

याहून वर जायचे तर वीजचलित इंजिनाचे ओढयान हा पर्याय उरतो. झेनॉन वायूचे आयन विजेच्या बळावर अतिवेगाने बाहेर फेकणारी ही इंजिने इंधन फार वाचवतात. त्यांचा जोर मात्र कागदाच्या वजनाएवढा, त्यामुळे कक्षा गोगलगाईच्या गतीने, सर्पिल वाटेने चढावी लागते. ५१.६ अंशांवरून भूस्थिर कक्षेपर्यंत अशा वाटेने एकूण ७.८ किलोमीटरचा वेगबदल होतो, म्हणजे रासायनिक इंजिनापेक्षा किती तरी जास्त. तरीही एक टनाच्या उपग्रहाला झेनॉन लागतो अर्ध्या टनाच्या आसपास. किंमत मोजावी लागते ती काळाने. महिनोन्महिने उपग्रह पृथ्वीभोवतीच्या प्रारणपट्ट्यांतून जात राहतो आणि त्याचे सौरपत्रे झिजतात.

इंधन भरण्याचे काम मात्र पुढे सरकले आहे. रशियाची ‘प्रोग्रेस’ याने १९७८ पासून स्थानकांच्या टाक्या भरत आली आहेत. २००७ मध्ये अमेरिकेच्या ‘ऑर्बिटल एक्सप्रेस’ मोहिमेत एका बिनमाणसाच्या यानाने दुसऱ्याच्या टाकीत हायड्राझीन भरले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ‘एमईव्ही-१’ने इंधन संपत आलेल्या ‘इंटेलसॅट-९०१’ला धरून त्याचे आयुष्य वाढवले. अतिथंड इंधन साठवणे अजून कठीण आहे. आंतरराष्ट्रीय स्थानकावर ठेवलेल्या एका प्रयोगात द्रव मिथेन काही महिने उडू न देता राखता आला, पण एप्रिल २०१९ मध्ये शीतयंत्र बिघडल्यावर तो अवकाशात सोडून द्यावा लागला. या सगळ्या कामांत माणसे राहत नाहीत अशी ठाणी अधिक सोयीची ठरत आहेत.

चीनने आपल्या ‘त्यानगोंग’ स्थानकाच्या संदर्भात जो मार्ग आखला आहे तो बहुधा सर्वांत व्यवहार्य आहे. ‘शुनत्यान’ ही मोठी अवकाश दुर्बीण स्थानकाच्याच कक्षेत, पण त्याच्यापासून दूर एकटी फिरणार आहे. गरज पडेल तेव्हाच ती स्थानकाला येऊन जोडली जाईल, दुरुस्त होईल, इंधन घेईल आणि परत दूर जाईल. प्रयोगशाळा आणि गोदी एकाच छताखाली ठेवण्याची अडचण यात टळते, आणि प्रतल तेच असल्यामुळे वेगबदलाचा खर्चही लहान राहतो.

भारताने २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाशस्थानक उभारण्याचे ठरवले आहे. श्रीहरिकोटा १३.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेवढ्याच कलाचे स्थानक उभारले, तर तिथून भूस्थिर कक्षेला जाण्यासाठी सेकंदाला सुमारे ३.९५ किलोमीटर वेगबदल पुरेल, विषुववृत्तीय स्थानकापेक्षा जेमतेम शंभर मीटर जास्त. वाहतुकीच्या हिशेबाने यापेक्षा चांगली जागा भारताला मिळणार नाही. पण अशा स्थानकाची फेरी १३.७ अंशांच्या उत्तरेला कधीच येणार नाही; चेन्नईच्या वरचा भाग आणि कोकणापासून विदर्भापर्यंतचा सगळा महाराष्ट्र त्याच्या थेट खालून जाणार नाही. देशाच्या उत्तर टोकापर्यंत सगळा भारत त्याच्या खालून जावा असे वाटत असेल, तर कल ३७ अंशांपेक्षा जास्त ठेवावा लागतो, आणि मग भूस्थिर कक्षेकडे निघणाऱ्या प्रत्येक टनामागे इंधनाचे वजन त्या प्रमाणात वाढत जाते.